खाकी कागदावरची साक्ष
चित्रकार जैनुल आबेदिन यांची दुष्काळातील रेखाटने

दुकानात सामान बांधून देतात तसला स्वस्त, पिवळट खाकी कागद. त्यावर काळ्या शाईचे मोजके फटकारे. एक बाई जमिनीवर आडवी पडली आहे. तिच्या अंगाला बिलगून एक लहान मूल. मुलाच्या बरगड्या मोजता येतात. चित्रात घर नाही, झाड नाही, आकाश नाही. रस्त्याची एक रेघसुद्धा नाही. दुसऱ्या एका चित्रात कचराकुंडीभोवती माणसे जमली आहेत, आणि त्याच कुंडीवर कावळ्यांचाही हक्क आहे. कोण आधी पोहोचले आणि कोण नंतर, हे सांगता येत नाही.

ही चित्रे 1943 साली कलकत्त्याच्या रस्त्यांवर काढली गेली. काढणारा तरुण अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचे नाव जैनुल आबेदिन. आज बांगलादेशात त्यांना ‘शिल्पाचार्य’ म्हणतात. तिथल्या शाळकरी मुलांनाही हे नाव ठाऊक असते. आपल्याकडे मराठी घरांत मात्र ते फारसे कुणी ऐकलेले नाही. एका मुसलमान पोलीस अधिकाऱ्याच्या घरात जन्मलेल्या या मुलाने स्वस्त कागद आणि घरी केलेली शाई घेऊन जे काम केले, त्याची ओळख आपल्या घरांतील मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही व्हावी, म्हणून हा लेख.

अम्मीचा हार

जैनुल आबेदिन यांचा जन्म 29 डिसेंबर 1914 रोजी किशोरगंज येथे झाला. हे गाव तेव्हा मैमनसिंग जिल्ह्यात होते. वालिद पोलीस खात्यात होते. पगार बेताचा आणि घरात मुलेबाळे बरीच. अशा घरात थोरल्या मुलाकडून काय अपेक्षा असते, हे आपल्याला सांगायला नको. मॅट्रिक व्हावे, सरकारी नोकरी धरावी, धाकट्या भावंडांना हात द्यावा.

या मुलाचे मन मात्र नदीवर. मैमनसिंगला ब्रह्मपुत्रेचा जुना प्रवाह वाहतो. होड्या, कोळी, पैलतीरावरची झाडे, पाण्यावर उतरलेले ढग हे सगळे पाहात त्याचे बालपण गेले. आपले गुरू कोण, असे कुणी विचारले तर ते पुढे नदीचेच नाव घेत. कलकत्त्याला चित्रे शिकवणारी एक सरकारी शाळा आहे, असे कानावर आले तेव्हा हा मुलगा घरी न सांगता मित्रांबरोबर ती पाहायला गेला. परत आला तो मनात एकच गोष्ट घेऊन. अभ्यासात लक्ष लागेना.

1933 साली मॅट्रिकची वाट न पाहता त्याने कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश घेतला. प्रश्न पैशांचा होता. तो अम्मीने सोडवला. तिने आपला सोन्याचा हार विकला आणि मुलाला पाठवले. बांगलादेशात ही हकीकत आजही सांगितली जाते. ती ऐकताना मनात येते की त्या काळच्या जिल्ह्याच्या गावातील एका मुस्लिम घरात ‘चित्रकार’ हा काही धंदा समजला जात नव्हता. मुलगा डॉक्टर होणार असता तर कुणीही दागिना मोडला असता. या माऊलीने तो चित्रांसाठी मोडला. बाईच्या अंगावरचे सोने म्हणजे तिची अडीअडचणीची ठेव. ती ठेव तिने ज्या गोष्टीसाठी दिली, त्या गोष्टीची बाजारात किंमत काय येणार हे तिला माहीत असणे शक्य नव्हते. तिला फक्त मुलगा माहीत होता.

हार वाया गेला नाही. 1938 साली अखिल भारतीय प्रदर्शनात ब्रह्मपुत्रेवरच्या जलरंगातील चित्रांसाठी त्याला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. अम्मीने सोने दिले होते, ते नदीने सोन्यातच परत केले. त्याच वर्षी शिक्षण पुरे झाले आणि त्याच कलाशाळेत तो शिक्षक म्हणून लागला.

तांदूळ असूनही उपासमार

सगळे सुरळीत चालले असते तर जैनुल आबेदिन हे नदीचे, होड्यांचे, संथ पाण्याचे एक चांगले चित्रकार म्हणून राहिले असते. तसे झाले नाही.

1942 च्या मार्चमध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी फौज बंगालमध्ये उतरली तर तिला काही मिळू नये म्हणून इंग्रज सरकारने किनारपट्टीच्या भागातून तांदूळ हलवला आणि मोठ्या होड्या ताब्यात घेतल्या किंवा मोडून टाकल्या. नदीनाल्यांच्या त्या मुलखात होडी म्हणजेच बैलगाडी आणि होडी म्हणजेच पोट. कोळ्याचा रोजगार गेला आणि धान्याची ने-आणही अडली. ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूरकडे भयंकर वादळ झाले, शेते खारट झाली, पिकावर रोग पडला. त्यात युद्धाची महागाई आणि साठेबाजी. तांदळाचा भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढला.

पुढे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की त्या वर्षी बंगालमध्ये तांदूळच नव्हता असे म्हणता येत नाही. भूमिहीन मजूर, कोळी, छोटे कारागीर यांच्या हातात तो विकत घेण्याइतका पैसा उरला नव्हता. माणसे धान्याच्या कोठारांपासून हाकेच्या अंतरावर मेली. किती? सरकारी चौकशी आयोगाने 1945 मध्ये सुमारे 15 लाख असा आकडा दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तो 20 ते 30 लाखांपर्यंत नेला.

गावे रिकामी होऊ लागली. लोक चालत कलकत्त्याला आले. दारोदार जाऊन ते भातही मागत नसत. ‘फ्यान दाओ, मा’ म्हणजे ‘आई, पेज दे’ एवढेच म्हणत. भात शिजल्यावर जे पाणी निथळून टाकतात, ते तरी द्या. आपल्या कोकणात पेज हे रोजचे साधे अन्न. ज्याला तीही मिळत नाही त्याची अवस्था काय असेल, हे कोकणातल्या माणसाला अधिक समजेल.

कागद महाग, शाई महाग

जैनुल आबेदिन त्या वेळी कलकत्त्यातच होते. रोज घराबाहेर पडले की पदपथावर माणसे पडलेली दिसत. सकाळी पाहिलेला माणूस संध्याकाळी नसे, किंवा असे पण हलत नसे. नदीचे जलरंग आता हातातून उतरेनात. त्यांनी काळी शाई आणि कुंचला घेतला आणि जे दिसत होते ते काढायला सुरुवात केली.

युद्धामुळे चित्रांचा चांगला कागद मिळेना, मिळाला तर परवडेना. त्यांनी सामान बांधायचा स्वस्त कागद घेतला. शाई विकत घेण्याऐवजी कोळसा जाळून स्वतःच तयार केली. असे सांगितले की आपल्याला ती गरिबीची हकीकत वाटते. तिच्यात आणखी काही आहे. भुकेचे चित्र गुळगुळीत विलायती कागदावर, सात रंगांत काढले असते तर ते डोळ्यांना खुपले असते. इथे कागदही त्या माणसांच्या दर्जाचा आहे. त्याचा मळकट पिवळा रंग हाच या चित्रांतला उजेड आणि हीच धूळ. वेगळी पार्श्वभूमी रंगवायची गरजच पडली नाही.

आता रेघ पाहा. या चित्रांचे सारे बळ रेघेत आहे. कुंचल्यात शाई भरपूर असली की रेघ ओली, सलग आणि गोलसर येते. शाई कमी ठेवून कुंचला खरखरीत कागदावरून ओढला की रेघ तुटत जाते, मध्ये मध्ये कागद दिसत राहतो. याला कोरडा कुंचला म्हणतात. जैनुल आबेदिन यांनी दोन्हींचा उपयोग केला. खांदा, कोपर, गुडघा, नितंबाचे हाड अशा ठिकाणी रेघ जाड आणि ठाम होते, कारण उपाशी शरीरात हाडेच पुढे आलेली असतात. जिथे मांस असायला हवे तिथे रेघ फाटते, विरते किंवा नसतेच. हात म्हणजे काठीसारखे दोन फटकारे. पोट म्हणजे एक खोलगट जागा, जिथे चित्रकाराने काहीच काढलेले नाही. न काढलेली जागाच भूक दाखवते.

चेहऱ्यांकडेही लक्ष द्यावे. पुष्कळदा डोळे म्हणजे नुसत्या काळ्या खाचा असतात. कुणी आक्रोश करताना दिसत नाही. कुणी आपल्याकडे हात पसरत नाही. या माणसांत रडण्याचीही ताकद उरलेली नाही, आणि चित्रकार ती त्यांना उसनी देत नाही. दुसऱ्या कुणी असते तर गालांवर अश्रू काढले असते, आकाशात काळे ढग काढले असते. इथे तसे काही नाही. म्हणूनच चित्र पाहून झाल्यावर ते डोळ्यांपुढून लवकर जात नाही.

कावळ्यांचे काय? या चित्रांतील कावळे अगदी तब्येतीत आहेत. काळे, भरलेले, चपळ. माणसांसाठी वापरलेली रेघ तुटकी आणि पक्ष्यांसाठी वापरलेली रेघ भरगच्च. शाई तीच, कुंचला तोच. फक्त तो कुठे किती दाबायचा एवढ्या फरकाने चित्रकाराने सांगून टाकले की त्या वर्षी शहरात पोटभर कोण जेवत होते. तसे ते फक्त कावळेच नव्हते, हे पाहणाऱ्याला आपोआप कळते.

काढायचे की मदत करायची?

ही चित्रे पाहताना एक प्रश्न पडतो आणि तो पडायलाच हवा. समोर माणूस भुकेने मरत असताना त्याचे चित्र काढत उभे राहणे बरोबर आहे का? आज रस्त्यात अपघात झाला की लोक आधी मोबाइल काढतात. आपल्याला त्याची चीड येते. मग यात आणि त्यात फरक काय?

एका शिक्षकाच्या पगारात हजारो लोकांना जेवू घालता येणार नव्हते, हे खरे. पण फक्त तेवढेच उत्तर पुरेसे नाही. फरक असा आहे की त्या वेळी हे घडत आहे हेच मान्य करायला सत्ताधारी तयार नव्हते. सरकारने बंगालमध्ये अधिकृतपणे दुष्काळ जाहीरच केला नाही. दुष्काळ जाहीर केला असता तर नियमाप्रमाणे मदतीची कामे आणि अन्नवाटप सुरू करावे लागले असते. युद्धकाळाच्या नावाखाली बातम्यांवर बंधने होती. ऑगस्ट 1943 मध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ दैनिकाने रस्त्यावरील उपाशी माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला धक्का बसला. अशा वेळी पाहिलेले कागदावर उतरवणे म्हणजे साक्ष देणे होते.

साक्षीचे महत्त्व आपल्या दीनने किती सांगितले आहे, हे वाचकांना माहीत आहे. साक्ष लपवू नये, ती आपल्या माणसांविरुद्ध जात असली तरी खरी द्यावी, ही कुरआनची शिकवण. शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणाऱ्याबद्दल हदीसमध्ये किती कडक इशारा आहे, तेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. जैनुल आबेदिन यांच्या चित्रांकडे मी त्या नजरेने पाहतो. ही चित्रे दिवाणखान्याच्या शोभेसाठी नाहीत. कुणाला पूज्य ठरवण्यासाठी तर नाहीतच. ती एका साक्षीदाराचे बयान आहेत. 1944 मध्ये कलकत्त्यात ती प्रदर्शनात मांडली गेली. त्याच वर्षी एला सेन यांचे दुष्काळावरील ‘डार्कनिंग डेज’ हे इंग्रजी पुस्तक निघाले, त्यातही त्यांची रेखाटने होती. पोट भरलेल्या माणसांना ती पाहावी लागली.

हे काम करणारे ते एकटे नव्हते. चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या गावांतून पायी फिरले आणि चित्रांसह त्याचा वृत्तांत त्यांनी ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेत लिहिला. ही पुस्तिका आपल्या मुंबईतून प्रसिद्ध झाली आणि इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्तप्रसाद पुढे अनेक वर्षे मुंबईत अंधेरीला राहिले. सोमनाथ होर हे त्या वेळी तरुण होते. त्यांनीही दुष्काळ रेखाटला आणि पुढे कलाशाळेत जैनुल आबेदिन यांच्याकडेच शिकले. हिंदू आणि मुसलमान चित्रकार एकाच शहरात एकाच भुकेची चित्रे काढत होते. कुंडीजवळ बसलेल्या माणसाचा धर्म कोणता, हे या चित्रांवरून ओळखता येत नाही. ते ओळखू यावे असे त्यांना वाटलेलेही दिसत नाही.

आपल्या घरातला जुना प्रश्न

हा लेख वाचताना काही वाचकांच्या मनात दुसराही एक प्रश्न आला असेल. आपल्याकडे जिवंत प्राण्यांची चित्रे काढणे योग्य की अयोग्य, यावर उलमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत. कुणी मनाई मानतो, कुणी हेतू पाहतो, कुणी मूर्ती आणि कागदावरचे चित्र यांत फरक करतो. त्या चर्चेचा निकाल देणे हे माझे काम नाही आणि माझी तेवढी पात्रताही नाही. पण घराघरांत या प्रश्नाचे काय होते ते मी पाहिले आहे. मूल वहीच्या मागच्या पानावर चित्र काढते. कुणीतरी ती वही ओढून घेते. कारण विचारले तर कधी धर्म सांगितला जातो, कधी अभ्यास आणि कधी ‘याने पोट भरत नाही’. तिन्ही कारणे एकाच दमात येतात तेव्हा मुलाला खरे कारण कळतच नाही. त्याला एवढेच कळते की आपल्या हातातून जे सहज येते, ते घराला नको आहे.

जैनुल आबेदिन यांनाही या वातावरणातूनच वाट काढावी लागली. फाळणीनंतर ते ढाक्याला आले. तिथे चित्रकला शिकवणारी एकही संस्था नव्हती आणि तिची गरज आहे असे मानणारेही थोडेच होते. 1948 साली त्यांनी कमरुल हसन, सफिउद्दीन अहमद, अन्वरुल हक अशा सहकाऱ्यांसह एक कलाशाळा सुरू केली. जागा होती एका वैद्यकीय शाळेच्या इमारतीतील दोन खोल्या. विद्यार्थी 18. आज तीच संस्था ढाका विद्यापीठाची ललित कला शाखा आहे. शाहबागमधली तिची इमारत वास्तुविशारद मजहरुल इस्लाम यांनी आखली. झाडे, मोकळे व्हरांडे आणि वारा खेळता ठेवणारी ही वास्तू आजही नावाजली जाते.

लोकांना चित्रकलेचा उपयोग पटवून देताना त्यांनी वाद घालण्यापेक्षा काम दाखवण्यावर भर दिला, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते. खेड्यातली बाई गोधडीवर टाके घालते, कुंभार मडक्यावर नक्षी काढतो, सुतार होडीच्या नाळेवर रंगीत डोळे रंगवतो. हे सारे हुनर मुसलमान घरांतही पिढ्यान्‌पिढ्या आहे, मग चित्रकला परकी कशी? हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत टिकला. 1975 मध्ये सोनारगाव येथे लोककलांचे संग्रहालय उभे राहिले ते त्यांच्याच प्रयत्नांतून. बंगालची ‘नक्शी कांथा’ म्हणजे जुन्या साड्यांची टाके घालून केलेली गोधडी. आपल्याकडची नानी-दादी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते, तिचीच ती बहीण.

नुसते दुःख नव्हे

1951-52 मध्ये ते लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकून आले. तिथून आल्यावर त्यांच्या चित्रांत लोककलेचे साधे आकार आणि ठळक रंग येऊ लागले. उंच मानेच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या खेड्यातल्या बायका दिसू लागल्या. पण हातातली ती काळी रेघ सुटली नाही. दावे तोडू पाहणारे जनावर, चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक खांद्याने ढकलणारा गडी ही त्यांची चित्रे खूप प्रसिद्ध आहेत. दुष्काळातल्या माणसांच्या अंगात बळ नव्हते. या चित्रांत सगळे बळच बळ आहे. पाठीचा कणा धनुष्यासारखा ताणलेला, पाय चिखलात रोवलेले. तोच कुंचला आता कष्ट करणाऱ्या शरीराचे गुणगान करतो.

1970 साली त्यांनी ‘नवान्न’ नावाचा 65 फूट लांबीचा पट काढला. नवान्न म्हणजे नव्या पिकाचा सण. पट उलगडत जावा तसे बंगालच्या खेड्याचे सुखाचे दिवस, मग हळूहळू येणारी दैना आणि शेवटी गाव सोडून निघालेली माणसे दिसतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात प्रचंड चक्रीवादळ झाले आणि लाखो लोक एका रात्रीत वाहून गेले. पन्नाशी ओलांडलेले जैनुल आबेदिन मनपुरा बेटावर गेले. तिथे जे पाहिले त्यातून पुढे सुमारे 30 फूट लांबीचा ‘मनपुरा’ हा पट तयार झाला. एकावर एक पडलेले देह, आणि एका टोकाला मान खाली घालून बसलेला एक जिवंत माणूस. तो वाचला आहे, पण वाचून करायचे काय, हा प्रश्न त्याच्या पाठीच्या रेघेतच दिसतो.

त्याच 1970 साली ते जॉर्डन आणि सीरियातील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या शिबिरांतही गेले आणि तिथल्या माणसांची चित्रे काढली. तंबूत राहणारी मुले, बाया, हातात बंदूक घेतलेले तरुण. आज पन्नासहून अधिक वर्षांनी आपण रोज त्या प्रदेशाच्या बातम्या पाहतो आणि दुआ करतो. तिथल्या माणसांची तहान-भूक एका बंगाली मुसलमान चित्रकाराने स्वतः जाऊन पाहिली होती. त्याच्याजवळ देण्यासारखे जे होते ते त्याने दिले, म्हणजे डोळे आणि हात.

1972 मध्ये नव्या बांगलादेशाच्या हस्तलिखित राज्यघटनेच्या पानांची सजावट त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. आपल्या भारताच्या घटनेची पाने नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली होती. दोन शेजारी देशांच्या कायद्याच्या पहिल्या पुस्तकांवर चित्रकारांचा हात आहे, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

शेवटची रेघ

फुप्फुसाच्या कर्करोगाने 28 मे 1976 रोजी त्यांचे इन्तकाल झाले. वय 61. इस्पितळात असतानाही त्यांनी एक चित्र काढले. दोन चेहरे, जाड काळ्या रेघांत. तेच त्यांचे अखेरचे चित्र. ढाका विद्यापीठाच्या मशिदीजवळ त्यांची कबर आहे आणि कवी काझी नझरुल इस्लाम हेही तिथेच विसावले आहेत. त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस, 1975 मध्ये, मैमनसिंगला ब्रह्मपुत्रेच्या काठी त्यांच्या चित्रांचे संग्रहालय उघडले. ज्या नदीला ते गुरू मानत, तिच्याच काठावर. पुढे 2009 साली बुध ग्रहावरील एका विवराला ‘आबेदिन’ हे नाव देण्यात आले. ज्यांना पेजही मिळत नव्हती त्यांची चित्रे काढणाऱ्याचे नाव एवढ्या लांब जाऊन पोहोचले.

पण मला बुधावरच्या विवरापेक्षा तो खाकी कागद जास्त महत्त्वाचा वाटतो. असला हलका कागद मुळात टिकण्यासाठी केलेलाच नसतो. तो पिवळा पडतो, कडक होतो, कोपरे तुटतात. तरीही त्यातली चित्रे आज ढाक्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. त्या पदपथांवर जे मेले त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. कुणाला कफन मिळाले, कुणाला नाही. जनाजा किती जणांच्या नशिबी आला, ते अल्लाहच जाणे. त्यांच्यातील काहींची एवढीच खूण उरली, पुडीच्या कागदावर काजळीच्या शाईने काढलेली.

घरी करता येण्यासारखे

ही चित्रे लहान मुलांना दाखवावीत का, असे कुणी विचारेल. अगदी लहानांना नको. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना मात्र जवळ बसवून दाखवावीत आणि आपण गप्प राहावे. प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत. ‘यांना जेवायला का नव्हते?’ असे मूल विचारील. तेव्हा पाऊस पडला नाही, असे सोपे उत्तर देऊ नये. तांदूळ होता पण तो यांच्यापर्यंत पोहोचू दिला गेला नाही, हे खरे उत्तर द्यावे. रमजानमध्ये रोजा सोडायच्या वेळी ताटात समोर सगळे मांडलेले असते आणि आपल्याला वेळ ठाऊक असते. या माणसांच्या उपासाला मगरिबची अजान नव्हती. एवढे सांगितले तरी जकात आणि सदका या शब्दांचा अर्थ मुलाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आणि घरात एखादे मूल चित्र काढत असेल तर काय करावे? काय काढावे आणि काय काढू नये याबद्दल आपापल्या समजुतीप्रमाणे, आलिमांचा सल्ला घेऊन घराने ठरवावे. झाडे, नदी, होड्या, मशिदीची कमान, सुंदर अक्षरे यांना तर कुणाचीच हरकत नसते, आणि जैनुल आबेदिन यांनीही सुरुवात नदीपासूनच केली होती. पण वही ओढून घेऊ नये. महागडे रंग आणून द्यायचीही गरज नाही. बाजारातून सामान आले की खाकी कागद नीट घडी करून ठेवावा आणि एक साधा कुंचला द्यावा. ‘जे दिसते ते काढ’ एवढेच सांगावे. ज्या मुलाला नीट पाहायची सवय लागली, ते रस्त्यावर पडलेल्या माणसाला ओलांडून सहसा पुढे जाणार नाही. पुढे ते चित्रकार होईल न होईल, ती गोष्ट वेगळी.

मैमनसिंगच्या त्या अम्मीला तरी कुठे माहीत होते, आपण हार विकतो आहोत तो नेमका कशासाठी.